मदत हवी आहे: ‘द ओपन’ गोल्फ स्पर्धेच्या विक्रमांचे कोष्टक कसे मांडावे?

सप्रेम नमस्कार. सांगलीतील आमच्या वाचनालयात शाळकरी मुलांसाठी खेळांच्या इतिहासाचे फलक लावले जातात. पुढच्या फलकासाठी ‘द ओपन’ ही गोल्फमधील सर्वांत जुनी मोठी स्पर्धा निवडली आहे. इतिहासाचा मजकूर जवळपास तयार आहे. गाडे अडले आहे ते विक्रमांच्या कोष्टकापाशी, कारण वेगवेगळ्या काळातले आकडे शेजारी ठेवले की वाचणाऱ्याचा हमखास गैरसमज होतो. गोल्फच्या जाणकारांनी आणि आकडेवारीत रस असणाऱ्या सभासदांनी सल्ला द्यावा, ही विनंती.

पहिली स्पर्धा १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथे झाली. त्या मैदानावर तेव्हा बाराच होल (चेंडू घालवायचे खड्डे) होते, म्हणून आठ व्यावसायिक खेळाडू एकाच दिवसात तीन फेऱ्या खेळले आणि एकूण ३६ होलांमध्ये सर्वांत कमी म्हणजे १७४ फटके घेऊन थोरले विली पार्क विजेते ठरले. पुढच्याच वर्षी हौशी खेळाडूंनाही प्रवेश मिळाला. ३६ होलांची पद्धत १८९१ पर्यंत चालली आणि १८९२ पासून स्पर्धा ७२ होलांची झाली. त्या वर्षीचा विजेता हॅरॉल्ड हिल्टन हा हौशी खेळाडू होता, हे मला फलकावर आवर्जून लिहायचे आहे, कारण व्यावसायिकांच्या स्पर्धेवर हौशी खेळाडू बाजी मारतो याचे मुलांना नवल वाटेल.

पहिली अडचण या बदलातूनच येते. थोरल्या टॉम मॉरिस यांनी १८६२ मध्ये १३ फटक्यांच्या फरकाने मिळवलेला विजय हा या स्पर्धेतील सर्वांत मोठ्या फरकाचा विजय आहे, पण तो ३६ होलांवरचा आणि मोजक्याच स्पर्धकांमधला. ७२ होलांच्या काळात सर्वांत मोठा फरक ८ फटक्यांचा असून तो जेम्स ब्रेड (१९०८), जे. एच. टेलर (१९०० आणि १९१३) आणि टायगर वूड्स (२०००) अशा तिघांच्या नावावर आहे. एकाच यादीत १३ आणि ८ लिहिले तर वूड्सची कामगिरी फिकी वाटते, आणि मॉरिस यांना तळटीपेत ढकलले तर या स्पर्धेच्या मूळ पुरुषावरच अन्याय होतो. याआधीचा आमचा फलक विजय हजारे यांच्यावर होता (त्यांचा जन्म सांगलीचाच). तिथे कसोटी आणि प्रथम श्रेणीचे आकडे वेगळे ठेवायचे, याबद्दल कोणालाही शंका आली नव्हती. माझा कल इथेही दोन कोष्टके करण्याकडे आहे, परंतु समितीतील एका सदस्यांचे म्हणणे असे की स्पर्धा एकच असल्यामुळे यादीही एकच असावी.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. २०१६ मध्ये रॉयल ट्रून येथे हेन्रिक स्टेन्सनने चार फेऱ्यांत एकूण २६४ फटके घेतले आणि पारपेक्षा (म्हणजे त्या मैदानावर कुशल खेळाडूकडून अपेक्षित असलेल्या फटक्यांपेक्षा) २० कमी अशी नोंद केली. २०२२ मध्ये सेंट अँड्रूज येथे कॅमरून स्मिथनेही पारपेक्षा २० कमी फटके घेतले, मात्र तिथला एका फेरीचा पार ७२ असल्यामुळे त्याची बेरीज २६८ झाली. एका फेरीच्या बाबतीतही हेच दिसते: २०१७ मध्ये ब्रँडन ग्रेसने रॉयल बर्कडेल येथे ६२ फटक्यांची फेरी खेळली, तरी पार ७० असल्यामुळे ती पारपेक्षा ८ कमी ठरते, तर २०१० मध्ये सेंट अँड्रूज येथे रोरी मॅकिलरॉयची ६३ फटक्यांची फेरी पारपेक्षा ९ कमी होती. ज्यांनी गोल्फचे मैदान पाहिलेलेही नाही अशा मुलांसाठी एकूण फटके लिहावेत, पारशी तुलना लिहावी की दोन्ही? दोन्ही लिहिल्यास कोष्टक कशाच्या क्रमाने लावावे?

तिसरा प्रश्न स्पर्धेत मध्येच पडलेल्या खंडांचा आहे. धाकट्या टॉम मॉरिसने १८६८, १८६९ आणि १८७० असे तीनदा ओळीने जिंकल्यामुळे नियमाप्रमाणे लाल चामड्याचा चॅलेंज बेल्ट कायमचा त्याचा झाला. द्यायला बक्षीसच न उरल्याने १८७१ मध्ये स्पर्धा झाली नाही. १८७२ मध्ये ती तीन क्लबांच्या भागीदारीत पुन्हा सुरू झाली आणि पुन्हा तोच जिंकला. ‘क्लॅरेट जग’ या नव्या चषकावर पहिले नाव त्याचे आहे, मात्र तो चषक हातात घेणारा पहिला विजेता १८७३ चा टॉम किड. आता धाकट्या मॉरिसचे विजय ‘सलग चार’ लिहावेत, की मधल्या रिकाम्या वर्षाचा उल्लेख कोष्टकातच करावा? पहिल्या महायुद्धामुळे १९१५ ते १९१९, दुसऱ्यामुळे १९४० ते १९४५ आणि कोविडमुळे २०२० मध्येही स्पर्धा झाली नाही. म्हणूनच १८६० पासून मोजल्यास २०२५ हे १६६ वे वर्ष असले, तरी त्या वर्षी रॉयल पोर्टरश येथे झालेली स्पर्धा १५३ वी होती. वर्षाशेजारी स्पर्धेचा क्रमांकही द्यावा, असे मला वाटते.

हॅरी वॉर्डन यांच्या सर्वाधिक सहा विजेतेपदांबद्दल (१८९६, १८९८, १८९९, १९०३, १९११, १९१४) काही वाद नाही, कारण ती सर्व ७२ होलांच्या काळातली आहेत. ती ओळ सर्वांत वर जाईल.

फलकावर कोष्टकासाठी साधारण वीस ओळींचीच जागा आहे. तेवढ्यात बसेल अशी मांडणी कोणी सुचवली किंवा अशा जुन्या स्पर्धेचे कोष्टक पूर्वी केले असल्यास त्यात कोणते रकाने ठेवले होते हे सांगितले, तर समितीपुढे ते मांडता येईल.