पांढऱ्या चॉकलेटची ब्राउनी आणि सोलापूरचे ऊन : आपापले अनुभव सांगावेत

पांढऱ्या चॉकलेटची ब्राउनी माझ्या हातून लागोपाठ तीनदा बिघडली. नेहमीची काळी ब्राउनी मी गेली सहा वर्षे डोळे झाकून करत आले आहे, त्यामुळे त्याच कृतीतले काळे चॉकलेट काढून तेवढेच पांढरे घालावे आणि कोको पावडर वगळावी, एवढ्यावर काम भागेल असे मी धरून चालले होते. भांड्यातून जे निघाले त्याच्या कडा करपल्या होत्या, मध्यभाग खिरीसारखा होता आणि बुडाशी लावलेला कागद तुपात बुडवून काढल्यासारखा झाला होता.

चूक कोठे झाली, हे नंतर वजने मांडून पाहिल्यावर लक्षात आले. कोको पावडर केवळ रंगासाठी आणि चवीसाठी नसते, तर ती मैद्यासारखीच ओल शोषून घेते, आणि मी 40 ग्रॅम कोको काढून त्या जागी काहीच घातले नव्हते. शिवाय पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचा काळा भाग मुळीच नसून कोकोचे लोणी, दुधाची भुकटी आणि साखर एवढेच असते, व त्यातली साखर जवळजवळ निम्म्या वजनाची असते. म्हणजे 200 ग्रॅम चॉकलेटबरोबर सुमारे 100 ग्रॅम साखर न मोजताच भांड्यात गेली होती, आणि वर मी कृतीतली 200 ग्रॅम साखरही इमानाने घातली होती.

ओळखीच्या घरांत चौकशी केली तेव्हा प्रत्येकीची ब्राउनी निराळ्याच ठिकाणी फसलेली निघाली, म्हणून सर्वांना येथे लिहिण्याची विनंती केली आहे. माप शक्यतो ग्रॅममध्ये द्यावे, ओटीजी (विजेची छोटी भट्टी) की कुकर ते सांगावे, आणि फसलेले आधी लिहावे. खाली प्रत्येक अनुभवावर लिहिणाऱ्याच्या सोलापुरातल्या भागाचे नाव आहे. जमलेल्या ब्राउनीचे कौतुक घरोघरी होतच असते.

जुळे सोलापूर

माझा अनुभव ब्राउनी करण्याच्या आधीचा, म्हणजे खरेदीचा आहे. केकच्या सामानाच्या दुकानात पांढरे चॉकलेट मागितले की बहुतेक वेळा पांढरे कंपाऊंड हातात पडते, आणि ‘हेच सगळे नेतात’ असे वर ऐकायला मिळते. पाकिटाच्या मागच्या बाजूस घटकांची यादी वाचावी. ‘कोको बटर’ असे लिहिले असेल तर ते चॉकलेट, आणि त्याऐवजी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट लिहिले असेल तर ते कंपाऊंड. दोन्हींच्या किमतीत बराच फरक असतो, आणि तो का असतो हे जिभेला कळते. कंपाऊंड वितळवून केलेल्या ब्राउनीचा घास गिळल्यावरही टाळूला मेणासारखा थर राहतो.

तरीही कंपाऊंडला मी अगदी नावे ठेवणार नाही. कोकोचे लोणी साधारण 34 अंशांना वितळते आणि आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 च्या वर असतो, त्यामुळे नवी पेठेतून जुळे सोलापूरला येईपर्यंत खऱ्या चॉकलेटच्या वडीची पिशवीतच रबडी होते. मी एकदा दुपारी दोन वाजता ही खरेदी केली होती. घरी आल्यावर पाकीट उघडण्याऐवजी पिळावे लागले. आता उन्हाळ्यात जाताना स्टीलच्या डब्यात गोठवलेली बर्फाची पिशवी ठेवते आणि तो डबा टॉवेलात गुंडाळून नेते. आपल्या गावात चांगल्या जाड टॉवेलांना तोटा नाही. मिश्रणात वितळवायला खरे चॉकलेट, आणि वरून पेरायच्या तुकड्यांना उन्हाळ्यापुरते कंपाऊंड, अशी तडजोड मी केली आहे.

साखर पेठ

आमचे घर तेलुगू बोलणारे, आणि घरात ब्राउनी करणारी मी पहिलीच, त्यामुळे विचारायला कोणी नव्हते. पातेल्यात पाणी खळखळ उकळत ठेवून त्यावर ॲल्युमिनियमच्या वाडग्यात चॉकलेट ठेवले आणि ते लवकर वितळावे म्हणून वर ताटली झाकली. दोन मिनिटांनी झाकण काढले तर चॉकलेट पातळ होण्याऐवजी रव्याच्या लाडवाच्या मिश्रणासारखे घट्ट, रवाळ झाले होते. झाकणाला जमलेली वाफ थेंबथेंब आत पडली होती. चॉकलेटमध्ये साखरेचे अतिशय बारीक कण लोण्यात सुटे असतात. पाण्याचा एखादा थेंब मिळाला की ते एकमेकांना चिकटतात आणि सगळा गोळा होतो. गंमत अशी, की थेंबभर पाण्याने बिघडलेले हे प्रकरण थोड्या जास्त ओलाव्याने सावरते. मी घाबरत घाबरत कोमट दूध एकेक चमचा घालत ढवळले, आणि चौथ्या चमच्याला गोळा सुटून सॉससारखा सरसरीत झाला. ते चॉकलेट साच्यात ओतायच्या कामाचे राहिले नाही, पण ब्राउनीत बिनतक्रार खपले.

आता पाणी उकळले की मी आधी गॅस बंद करते आणि मगच वाडगा वर ठेवते. वाडग्याचे बूड पाण्याला टेकू देत नाही, झाकण ठेवत नाही, आणि चॉकलेटबरोबर बटरही त्यातच घालते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये दूध असल्यामुळे त्याला काळ्यापेक्षा कमी उष्णता सोसते. बोट बुडवल्यावर चटका बसत असेल तर वाडगा लगेच खाली उतरवावा, हे माझे थर्मामीटर.

होटगी रस्ता

आमच्या घरात अंडे येत नाही. पहिल्या वेळी अंड्यांऐवजी काहीतरी फुगवणारे हवे या समजुतीने मी इनोची अख्खी पुडी घातली. ब्राउनी ढोकळ्यासारखी टम्म फुगली, चवीला साबणासारखी लागली आणि रंगाने गडद तपकिरी झाली. सासूबाईंनी त्यावर फोडणी घालू का, असे अगदी गंभीरपणे विचारले.

सोडा जास्त झाला की पदार्थ लवकर तांबूस होतो आणि चवही बिघडते, हे मी तेव्हा शिकले. आता माझे माप असे आहे : मैदा 125 ग्रॅम, बटर 80 ग्रॅम, पांढरे चॉकलेट 120 ग्रॅम, 400 ग्रॅमच्या डब्यातले निम्मे कंडेन्स्ड मिल्क, 60 ग्रॅम ताजे घट्ट दही आणि पाव चहाचा चमचा बेकिंग पावडर. साखर अजिबात नाही. दही आंबट नसावे आणि फ्रीजमधून काढल्याबरोबर घालू नये, नाहीतर वितळलेले चॉकलेट त्याच्या गारठ्याने जागच्या जागी थिजते आणि मिश्रणात कण राहतात. मैदा घातल्यावर उलथन्याने जेमतेम एकजीव करते, कारण फेटत राहिले तर ब्राउनी चिवट होते. अंड्याच्या ब्राउनीवर येते तशी पापुद्र्यासारखी चकचकीत साय हिच्यावर येत नाही, ते मी सोडून दिले आहे. ही ब्राउनी त्याच दिवशी कापू नये. दुसऱ्या दिवशी ती खरोखर निराळी लागते.

अक्कलकोट रस्ता

माझ्याकडे ओटीजी नाही. जाड बुडाच्या कढईत खडे मीठ पसरून, त्यावर तिवई ठेवून झाकणासकट दहा मिनिटे तापवते आणि मग भांडे आत ठेवते. मंद आचेवर 45 ते 50 मिनिटे लागतात. वरून आच मिळत नसल्याने ब्राउनी वरून फिकटच राहते. झाकणाची वाफ पृष्ठभागावर पडू नये म्हणून झाकणाला सुती फडके बांधावे आणि त्याची टोके वर घ्यावीत. माझ्या फडक्याचे एक टोक एकदा गॅसपर्यंत लोंबले होते. तेव्हापासून मी ते बांधून झाल्यावर सर्व बाजूंनी फिरून पाहते.

रेल्वे लाईन्स

ब्राउनी झाली हे ओळखायचे कसे, हा माझा छळणारा प्रश्न होता. काळ्या ब्राउनीत रंगावरून काही कळत नाही म्हणून आपण टूथपिकवर विसंबतो. पांढऱ्या ब्राउनीत टूथपिक हमखास चॉकलेटच्या एखाद्या वितळलेल्या तुकड्यात जाते आणि ओली बाहेर येते, मग आपण आणखी पाच मिनिटे ठेवतो, तीही ओली, मग आणखी पाच. अशाने माझी पहिली ब्राउनी खारी बिस्किटासारखी कडक झाली. दुसऱ्या वेळी रंगावर गेले, तर 180 अंशांवर विसाव्या मिनिटालाच वरचा भाग खरपूस झाला म्हणून बाहेर काढली, आणि आत कच्चा मैदा निघाला. दुधातली साखर आणि प्रथिने उष्णतेने भराभर तांबूस होतात, त्यामुळे ही ब्राउनी शिजण्याच्या आधी रंगते. बासुंदी आटवताना कडेची साय जशी आधी रंग धरते, तसाच हा प्रकार.

तिसऱ्या वेळी 160 अंशांवर लावली, आणि चोविसाव्या मिनिटाला वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे चालतात, पण ओटीजीला हजारावर वॅट लागतात, तो त्याच्यावर ओढत नाही. दार उघडून पाहण्याचा मोह टाळून मी तशीच बसून राहिले. अर्ध्या तासाने वीज आली तेव्हा भट्टी कोमट होती. ब्राउनी बाहेर काढली तर कडा भांड्यापासून बोटभर नाही पण सुतभर सुटल्या होत्या, मध्यभाग हलवल्यावर लाटेसारखा हिंदकळत नव्हता, नुसता किंचित थरथरत होता. आजवरची सर्वांत ओलसर ब्राउनी ती हीच. आता वीज असली तरी मी 160 अंशांवर 26 मिनिटांनी भट्टी बंद करते आणि दार न उघडता दहा मिनिटे आतच राहू देते. शेवटच्या टप्प्यात वरून फार रंग येऊ लागला तर ॲल्युमिनियम फॉइल सैलसर झाकते. माझे भांडे 20 सेंटिमीटर चौरस आहे. त्याहून लहान भांड्यात थर जाड होतो, तेव्हा माझी मिनिटे जशीच्या तशी घेऊ नयेत.

सैफुल

मी निवृत्त गृहस्थ आहे आणि नातवंडांसाठी हा उद्योग शिकलो. माझी तक्रार गोडपणाची आहे. पांढऱ्या ब्राउनीचा पहिला तुकडा बरा लागतो आणि दुसऱ्याला जीव नको म्हणतो. साखर किती कमी करायची यालाही मर्यादा आहे, कारण साखर काढली की ओलसरपणाही जातो.

उपाय घरातच मिळाला. आमच्याकडे शेंगा चटणी अजून उखळात कुटतात. एके दिवशी भाजलेल्या शेंगा आणि मीठ एवढेच कुटून झाले होते, लसूण आणि तिखट पडायचे होते, तेव्हा त्यातला वाटीभर जाडसर कूट मी सौभाग्यवतींच्या देखत उचलला. उखळात कुटलेल्या शेंगांना थोडे तेल सुटते आणि त्यांचे अर्धवट तुकडे राहतात, ते मिक्सरमध्ये होत नाही. हा 60 ग्रॅम कूट मिश्रणात घातला आणि त्यात एका लिंबाची साल किसून टाकली, फक्त पिवळा भाग, कारण खालचा पांढरा भाग कडू असतो. खारट, खमंग आणि गोड यांचे असे काही जमले की नातवंडांनी ‘चटणीवाली ब्राउनी’ असे तिचे नाव ठेवले. कुटात मीठ असल्याने खारे बटर वापरू नये. मी पहिल्या वेळी वापरले होते आणि सर्वांना पाणी प्यावे लागले.

मंगळवेढ्याच्या ज्वारीचे पीठ घालूनही पाहिले. सगळा मैदा बदलला तेव्हा वडी उचलताच भुगा झाला, कारण ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. भाकरीला आपण उकळते पाणी का घालतो, ते आठवायला हवे होते. तिसरा हिस्सा ज्वारी आणि दोन हिस्से मैदा हे प्रमाण मात्र टिकले.

भवानी पेठ

सैफुलच्या काकांच्या चटणीवरून आठवले. कापलेली ब्राउनी मी फ्रीजमध्ये उघड्या ताटलीत ठेवली होती आणि शेजारी लसणाची ओली चटणी होती. लोणी वास पटकन ओढून घेते. पाहुण्यांनी ‘काहीतरी वेगळा फ्लेवर आहे’ असे म्हणून सभ्यपणे तुकडे संपवले. घट्ट झाकणाचा डबा वापरावा.

दमाणी नगर

पुण्याला शिकणाऱ्या मुलीला सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने कोणाबरोबर तरी डबा पाठवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, जानेवारीत, पाठवलेली ब्राउनी जशीच्या तशी पोहोचली. एप्रिलमध्ये पाठवली तेव्हा वर पेरलेले चॉकलेटचे तुकडे विरघळून झाकणाला लागले आणि मुलीने ते चमच्याने खरवडून खाल्ले. आता उन्हाळ्यात वरून काही पेरत नाही, तुकडे मिश्रणाच्या आतच दाबते. ब्राउनी रात्रभर फ्रीजमध्ये घट्ट करते, सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून मग कापते आणि प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये वेगळा गुंडाळते. सुरी न पुसता कापू नये, कडा चिकट होतात.

पुन्हा मी

आपण सर्वांनी लिहिलेले वाचून काल चौथ्यांदा केली. चॉकलेट 180 ग्रॅम घेतले, त्यातले 130 ग्रॅम 100 ग्रॅम बटरबरोबर गॅस बंद करून वितळवले आणि 50 ग्रॅमचे तुकडे ठेवले. साखर 90 ग्रॅम, दोन अंडी, मैदा 140 ग्रॅम, आणि सैफुलच्या काकांची लिंबाची साल. रेल्वे लाईन्सच्या ताईंप्रमाणे 160 अंशांवर 26 मिनिटे आणि मग बंद भट्टीत दहा. कडा सोनेरी झाल्या, बुडाचा कागद कोरडा निघाला, आणि वरती पापुद्राही आला, जरी तो एका कोपऱ्यात फाटला. अगदी मधला तुकडा मात्र अजून किंचित कच्चा वाटला. माझी भट्टी जुनी आहे, तिचा वरचा रॉड अर्धाच लाल होतो, त्यामुळे पुढच्या वेळी 29 मिनिटे ठेवून पाहणार आहे. कढईवाल्या ताईंनी मिठाचा थर साधारण किती जाड घ्यावा, तेवढे कृपया सांगावे.