वादळाआधी जनरेटरची जोडणी: मदत हवी आहे

रावेरजवळचं खेडं, पत्र्याचं घर. मे-जूनच्या वादळात केळी आडवी होते नि लाईट दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून 3 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर घेतलाय. पत्र्यांचे हूक आवळले, घरावर आलेली निंबाची फांदी छाटली.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर सॉकेटात खोचा, झालं! मी नाही म्हटलं. करंट उलटा डीपीकडे (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे) गेला तर खांबावरचा वायरमन जायचा. ओसरीत चालवून पाहिला, धूर माजघरात शिरला, आईचं डोकं धरलं. आता गोठ्यापलीकडे ठेवलाय, पण तिथे पाऊस तिरपा येतो.

मीटर सिंगल फेज. जनरेटरवर फ्रिज, चार पंखे, दिवे चालवायचे. बोअरची मोटर नाही. फेजसोबत न्यूट्रलही तोडणारा टू-पोल चेंजओव्हर (एका वेळी लाईन नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा स्विच) पुरेल ना? आणि धूर न कोंडता जनरेटर पावसापासून कसा झाकता?