मदत हवी आहे : १९७३ च्या सरन्यायाधीश नेमणुकीवर विदर्भातील प्रतिक्रिया

नमस्कार मंडळी. आमच्या दर्यापूर तालुक्यातील दारापूरचे भूषण गवई २०२५ मध्ये सरन्यायाधीश झाले, तेव्हापासून गावच्या वाचनालयात ज्येष्ठताक्रमाचा विषय निघाला की चर्चा हमखास १९७३ वर जाते. केशवानंद भारती खटल्याचा, संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारा निकाल २४ एप्रिलला ७ विरुद्ध ६ मतांनी लागला आणि लगेच, बहुमतात असलेल्या न्या. शेलट, हेगडे व ग्रोव्हर या तिघा ज्येष्ठांना डावलून अल्पमतातील अजितनाथ राय यांची नेमणूक झाली. तिघांनी राजीनामे दिले, वकीलवर्ग खवळला. (तेव्हाचे केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत केलेले या नेमणुकीचे समर्थन मला तरी पटत नाही.)

मला हवे आहे ते इकडचे चित्र. नागपूर-अमरावतीच्या वकिलांनी कामकाजावर बहिष्कार घातला होता का, आणि दुष्काळाने पोळलेल्या शेतकऱ्यापर्यंत ही बातमी कशी पोहोचली? वाचनालयातील त्या महिन्याच्या अंकांचा गठ्ठा वाळवीने पोखरला असून एका मथळ्यातील ‘सरन्या’ एवढीच अक्षरे शाबूत आहेत. कोणाकडे एप्रिल-मे १९७३ ची मराठी दैनिके, कात्रणे किंवा घरातील जुन्या वकिलांच्या आठवणी असल्यास कृपया कळवावे. नागपुरात असे अंक बाहेरगावच्या वाचकाला कोठे पाहायला मिळतात, हेही सांगावे.