मदत हवी आहे: दहावीच्या गणितासाठी क्लास की ऑनलाइन?

नमस्कार. आम्ही वेळणेश्वरजवळच्या वाडीत राहतो. मुलगी यंदा दहावीला आहे, मराठी माध्यम, राज्य मंडळ. बाकी विषय ती स्वतः करते, पण भूमितीत प्रमेयाची सिद्धता लिहायला बसली की अडते. बीजगणित ४० आणि भूमिती ४०, म्हणजे गणिताचे निम्मे लेखी गुण तिथेच.

क्लास गुहागरला आहे. एसटीने जाऊन-येऊन दोन तास मोडतात, आणि पावसाळ्यात संध्याकाळी तिला एकटीला परत येऊ द्यायला जीव होत नाही.

ऑनलाइन लावावं तर वारा सुटला की लाइट जाते, मग रेंजही जाते. महिनाभर एक ऑनलाइन वर्ग लावून पाहिला. शिकवणं चांगलं होतं, पण वही कुणी तपासली नाही. पायऱ्या कुठे चुकतात हे तिला कळलंच नाही. मला हीच मोठी उणीव वाटते.

बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ आणि दीक्षा ॲपवरचे धडे फुकट आहेत, ते ती पाहते. कुणी रेकॉर्ड केलेले धडे आणि रविवारी समोर बसून वहीतपासणी असं जमवलंय का? गावातल्याच एखाद्या निवृत्त गुरुजींना विचारावं का? फी किती द्यावी? कृपया अनुभव सांगा.