'नाराज', 'बंडखोर' आणि नुसतंच 'पटत नाही' म्हणणारा

राजकीय बातम्यांत 'नाराज' हा शब्द मला फार खटकतो. एखादा आमदार उघडपणे सांगतो की पक्षाचं हे धोरण चुकतंय, कारणंही देतो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी काय तर 'अमुक नाराज', आणि तिसऱ्या दिवशी 'नाराजी दूर करण्यात यश'. अहो पण त्याच्या मुद्द्याचं काय झालं? नाराज म्हणजे ना-राजी, राजी नसलेला, एवढाच अर्थ असता तरी चाललं असतं, पण मराठीत त्याला रुसव्याचा रंग चढलाय, आणि रुसलेल्याची फक्त समजूत काढतात, त्याला उत्तर कोण देतं? एखादं पद दिलं की विषय मिटला. दुसऱ्या टोकाला 'बंडखोर'. मग पक्षातच राहायचंय पण हे पटत नाही असं म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद १:
शब्द आहे की, वापरत नाही आपण. विधिमंडळाच्या समितीत एखाद्या सदस्याला अहवाल पटला नाही तर तो 'भिन्नमत पत्रिका' जोडतो. कोर्टात खंडपीठातला एखादा न्यायाधीश वेगळा निकाल लिहितो त्यालाही कोणी बंडखोर म्हणत नाही. तेव्हा 'भिन्नमत' घ्या, किंवा सरळ 'असहमती'. बंडखोर मी दोनच ठिकाणी लिहीन, अधिकृत उमेदवाराविरुद्ध अर्ज भरला तर, आणि व्हिप मोडला तर. व्हिपचं मराठी 'प्रतोद', संस्कृतात जनावरं हाकायची पराणी किंवा चाबूक, पण आपल्याकडे गंमत बघा, प्रतोद म्हणजे तो माणूस आणि व्हिप म्हणजे त्याने बजावलेला आदेश, अशी वाटणी झालीये. १९८५ ला ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं, त्यात व्हिपविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. पण ही तरतूद सभागृहातल्या मतदानापुरती आहे, बैठकीत कोण काय बोललं त्याला नाही. म्हणजे माफ करायची सोय कायद्यानेच ठेवलीये, आणि पक्ष मात्र बैठकीतल्या एका वाक्यावर 'कारणे दाखवा' धाडतात.

प्रतिसाद २:
इंग्रजी पेपरही सरसकट 'रेबेल' लिहितात, त्यामुळे दोष एकट्या मराठीचा नाही. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१९ ला ब्रेक्झिटच्या मतदानात स्वतःच्याच सरकारच्या विरोधात गेलेल्या हुजूर पक्षाच्या २१ खासदारांचा व्हिप काढून घेतला, म्हणजे संसदीय पक्षातूनच बाहेर काढलं, त्यातल्या १० जणांना पुढच्याच महिन्यात परत घ्यावं लागलं. उलट २००३ मध्ये रॉबिन कुक यांनी इराक युद्धाला विरोध म्हणून मंत्रिपद सोडलं, सभागृहात उभं राहून कारणं सांगितली आणि मजूर पक्षातच राहिले. या दोघांना एकच शब्द लावला की फरकच पुसला जातो.

मूळ प्रश्नकर्ता:
'भिन्नमत' आवडला, वापरणार. आता दुसरी बाजू, पक्षाची बदनामी झाली की जे शब्द निघतात ते. 'वक्तव्याचा विपर्यास', 'ते त्यांचं वैयक्तिक मत', आणि सगळ्यात लाडका 'दिलगिरी'. दिल-गीर म्हणजे मन खंतावलेला. म्हणजे दिलगिरीत मी दुःखी आहे एवढंच आलं, चूक माझी हे कुठे आलं? माफी मागावी लागते, समोरच्याने ती द्यावी लागते, नाकारायचा हक्क त्याच्याकडे राहतो. दिलगिरी आपली आपण 'व्यक्त' करायची आणि घरी जायचं. त्यात 'भावना दुखावल्या असतील तर' जोडलं की घडलं की नाही हेसुद्धा संशयात. मी स्वतः काही वर्षं एका पक्षाच्या शाखेत निवेदनं लिहायचं काम केलंय, तिथे 'चूक झाली' हे दोन शब्द ठेवावेत म्हणून मी वाद घातला होता, ते खोडून 'दिलगीर' केलं, आणि पत्रकारांनी पुढचे चार दिवस तोच प्रश्न विचारला. 'चूक झाली, ती अशी झाली, आता हे करतोय' एवढं पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर सारवासारव करायची वेळच आली नसती.

प्रतिसाद १:
सारवासारव चपखल. सारवल्यावर भेगा दिसेनाशा होतात, बुजत नाहीत. आणि जो घरातला माणूस त्या भेगा दाखवतो त्याची बातमी 'घरचा अहेर' म्हणून येते, तेही बघा, पुन्हा टोमणाच.