मदत हवी आहे: टिपरवर ताडपत्रीची सक्ती पंचायत करू शकते का?

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावातून दिवसभर खडीचे टिपर जातात. ताडपत्री असते, पण केबिनमागे गुंडाळलेली. चढणीच्या वळणावर खडी सांडते. परवा शेजारच्या मुलीची स्कूटर त्या खडीवरून घसरली, कोपर सोलून निघालं. पंचायतीला अर्ज दिला, पोलिसांना फोटो दाखवले. काही हललं नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीपासून हौद्याबाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे. इथे माल हौद्यातच असतो, फक्त उघडा. रस्ता पंचायतीचा नाही. टिपर बंद करायचे नाहीत, गावातल्यांचं पोट त्यांवर आहे.

येत्या ग्रामसभेत ठराव मांडायचाय. झाकल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम पंचायत स्वतः करू शकते, की जिल्हाधिकाऱ्यांचा आदेशच लागतो? कुणाच्या गावात असा ठराव झाला असेल, तर त्याचे नेमके शब्द पाठवाल का?