मदत हवी आहे: आइस हॉकीत लेकीचा रिस्ट शॉट उचललाच जात नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला राहतो. लेक ११ वर्षांची, यंदापासून अंडर-१३ संघात लेफ्ट विंगला खेळते. स्केटिंग उत्तम, पासही नेमके देते. पण गोलवर रिस्ट शॉट (मनगटाच्या झटक्याने मारायचा) मारायची वेळ आली की पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, बर्फावरून सरपटत जातो आणि गोलीच्या (गोलरक्षकाच्या) पायावरच्या पॅडला लागून थांबतो. गोल ४ फूट उंच असतो, हिचे सगळे शॉट बर्फालगत. तिला स्वतःला याचं फार लागतं. मॅचनंतर गाडीत एक शब्द बोलत नाही, घरी आली की पुन्हा गॅरेजमध्ये.

गॅरेजमध्ये प्लास्टिकचं शूटिंग पॅड टाकलंय, समोर जाळी आहे. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये पाहिलं तेव्हा एवढं दिसलं: पक ब्लेडच्या (स्टिकच्या खालच्या चपट्या भागाच्या) टोकाशी ठेवून ती तिथूनच झटका देते, वरचा हात पोटाला चिकटलेला असतो आणि मारताना मागच्या पायावर रेलते. पकाखाली ब्लेड घालून तो वर काढायला बघते.

स्टिक ५० फ्लेक्सची (हा कडकपणाचा आकडा), संघातल्या मुलीच्या भावाची. उंचीला बसावी म्हणून वरून ३ इंच कापली आहे. लेकीचं वजन ७५ पौंड.

मी क्रिकेटवर वाढलेला माणूस, स्टिकमधलं मला कळत नाही. स्टिक बदलावी का? घरी नेमका कसला सराव घ्यावा? शिवाय तिला स्लॅप शॉट (स्टिक मागे उचलून जोरात मारायचा) शिकायचाच आहे, आत्ता शिकू द्यावा का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आधी स्टिक बदला. फ्लेक्सचा आकडा म्हणजे दांडा एक इंच वाकवायला लागणारा जोर, पौंडांत. ढोबळ हिशेब असा की फ्लेक्स वजनाच्या निम्म्याच्या आसपास असावा, म्हणजे तिला ३५ ते ४०. त्यात दांडा कापला की तो आणखी कडक होतो, त्यामुळे तिच्या हातातली स्टिक आता ५०च्याही वर गेली आहे. ती तिच्याने वाकतच नसणार, आणि दांडा वाकून सुटतो तेव्हाच शॉटला वेग येतो. महागडी घेऊ नका, वर्षभरात उंची वाढेल. जुन्या सामानाच्या दुकानात ज्युनियर स्टिक बघा. स्केट्स घालून उभी राहिली की हनुवटीपर्यंत यावी.

आता शॉट. पक ब्लेडच्या टाचेपाशी (दांड्याला जोडलेल्या बाजूला), मागच्या पायाच्या रेषेत घ्यायचा. तिथून तो ब्लेडवरून टोकाकडे घरंगळत जायला हवा, त्यातून त्याला फिरकी मिळते आणि तो हवेत डगमगत नाही. त्याच वेळी वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर. खालचा हात दाबत पुढे ढकलतो, वरचा हात मागे ओढतो, म्हणून वरचा हात पोटापासून सुटा हवाच. पक सुटल्यावर ब्लेडचं टोक जिकडे रोखलेलं राहील, पक तिकडे जाईल.

काही दिवस तिला एका गुडघ्यावर बसून मारू द्या. पायांचा आधार गेला की हातांनाच काम करावं लागतं. तिथे पक उचलला गेला की उभं राहून.

प्रतिसाद २

माझा मुलगा गोली आहे, म्हणून गोलसमोरून जे दिसतं ते सांगते. स्लॅप शॉट आत्ता नको. स्टिक मागे नेईपर्यंत डिफेन्सवाली अंगावर येते. त्याऐवजी स्नॅप शॉट (स्टिक फारशी मागे न नेता झटक्यात मारायचा) शिकवा. आणि मारायच्या आधी पक थोडा स्वतःकडे ओढून घ्यायला सांगा. कोन बदलला की गोलीला नव्याने जागा घ्यावी लागते, तेवढ्यात कोपरा उघडतो.

आणि तिला एक जरूर सांगा, खालचा शॉट वाया जात नाही. गोलीच्या लांबच्या पायाच्या पॅडवर मुद्दाम मारला की पक उडून गोलसमोर येतो, तिथे आपली सेंटर उभी असली की गोल होतो. माझ्या मुलाने असे कितीतरी खाल्लेत. फक्त मारताना मान वर हवी, पकाकडे बघत मारलं तर यातलं काहीच जमणार नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी ३५ आणि ४० दोन्ही फ्लेक्स हातात घेऊन बघतो. अजून एक विचारायचं राहिलं: कर्व्ह (ब्लेडचा बाक) सध्या पी९२ प्रकारचा आहे, तोच ठेवावा ना?

प्रतिसाद १

हो, तोच ठेवा. टोकाकडे वरच्या बाजूला उघडा असतो, पक उचलायला सोपा. आत्ताच कर्व्हही बदललात तर सुधारणा नेमकी कशाने झाली ते तिला कळणार नाही.